पोचा राहू द्या

फ्लेक्सवाले गोसावी चौरस फुटाचे पैसे घेतात,
मी ओळीचे.
रविवार कारंजावर त्यांच्या पोटमाळ्यात माझं टेबल,
खुरडत फिरणारा पंखा
आणि गिऱ्हाइकांनी आणून टाकलेली विशेषणं.
एकमेव, दर्जेदार, माफक, विश्वसनीय:
केर काढताना रोज सुपलीभर निघतात.

तांबट लेनमधले वडके आले ते
वहीचं फाटकं पान घेऊन.
'सन १९४१ पासून अविरत सेवेत.
सर्व प्रकारच्या भांड्यांना कल्हई व पोचे काढून मिळतील.
एकदा भेट द्या, खात्री करा.'
म्हटलं, हे कुणी वाचणार नाही.
म्हणाले, आजोबांनी लिहिलंय.
मी पानाची घडी करून त्यांच्याच खिशात ठेवली.

मग दोन दिवस दुकानात बसून राहिले.
नवसागराचा पांढरा धूर डोळ्यांत,
कापसाच्या बोळ्यामागे
भांड्याच्या पोटात पळत जाणारी चंदेरी वाट.
वहीत काहीच नाही. कानात नुसती ठोकठोक.

तिसऱ्या दिवशी पळशाच्या गायधनीबाई आल्या.
पिशवीतून तपेलं काढलं.
कुशीला बटाटा मावेल एवढा पोचा.
वडक्यांनी सवयीनं हातोडी उचलली,
आणि बाई म्हणाल्या,
कल्हई करा. पोचा राहू द्या.

आठवड्यानं गल्लीच्या तोंडाशी पिवळ्यावर काळ्या अक्षरांत लागलं:
'त्या म्हणाल्या, कल्हई करा.
पोचा राहू द्या.'
खाली वडके, तांबट लेन. बस्स.

वडके तडक जिना चढून आले.
अहो, पोचे काढणं हा माझा अर्धा धंदा!
उद्या न्हाव्याला लिहून द्याल, केस राहू द्या?
म्हटलं, पंधरा दिवस थांबा.

दहाव्या दिवशी
गंगापूर रोडच्या फ्लॅटांतून लोक माळे रिकामे करून आले.
देवळाली कॅम्पचे एक सुभेदार मग घेऊन,
कॉलेज रोडची दोन पोरं आजोळचा तांब्या घेऊन.
हा बाळ रांगत होता तेव्हाचा,
हा बदलीच्या ट्रकमधला,
हा कसा पडला माहीत नाही, पण असू दे.
वडके म्हणायचे, कल्हईचे मिळतात,
ऐकायचे कोण देणार?
म्हणता म्हणता दोन स्टुलं विकत आणली.

माझाही भाव वाढला.
सातपूरच्या चष्म्यांना, शरणपूरच्या गाद्यांना
मी गोष्टीचं एक टोक द्यायची
आणि दुसरं वाचणाऱ्याच्या घरात सोडून यायची.
गोड घरं असतात माणसांची, असं धरून.

पौषात एका सकाळी गायधनीबाई वर आल्या,
शाल घट्ट, दम लागलेला.
ती पाटी माझीच ना?
मी खुर्ची पुसली. किती छान बोललात तुम्ही, म्हटलं,
आठवण जपायची म्हणून ना?

आठवणच की, त्या म्हणाल्या.
डोक्याच्या नेमानं आलं होतं ते.
मी वाकले, भिंतीला लागलं.
आता हे निवलेत. नातीला खांद्यावर घेतात,
म्हणतात, मी कधी हात उचललाय का?
मी बोलत नाही काही.
त्याच तपेल्यातून वाढते,
पोचा त्यांच्या बाजूला करून.

पंखा फिरत होता.
बऱ्याच वेळानं मी विचारलं,
पाटी काढून टाकू?

नको, त्या म्हणाल्या. पेन्शनला जाताना
आमची रिक्षा तिथूनच वळते.
अक्षरं तेवढी मोठी करा.
त्यांचा चष्म्याचा नंबर वाढलाय.

गोसावींनी विचारलं, ओळ वाढली का?
म्हटलं, नाही. फूट वाढलेत.
ते माझ्याकडून घ्या.